तक्रार डोळ्यांची, आजार मेंदूचा

जळगाव/धुळे : दिसायला कमी आले, की माणूस प्रथम चष्म्याच्या दुकानात जातो. नंबर बदलतो, नवी काच बसते आणि तरीही अक्षरे धूसर राहतात, किंवा समोरच्या एका माणसाची दोन माणसे दिसतात. मग 'मोतीबिंदू असेल' असे घरातले म्हणतात. कोणी नेत्रशिबिराची तारीख शोधतो, कोणी उष्णता वाढली म्हणून डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवतो. या साऱ्यात दोन-तीन आठवडे सहज निघून जातात. बहुतेक वेळा त्याने फारसे बिघडत नाही, कारण दोष खरोखरच चष्म्याचा किंवा मोतीबिंदूचा असतो. मात्र काही थोड्या रुग्णांत डोळा निर्दोष असतो. बिघाड असतो त्याच्या मागच्या नसेत, मेंदूत किंवा मज्जारज्जूत, आणि अशा वेळी गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

डोळे आणि मज्जासंस्था यांच्या सीमेवरील या आजारांसाठी 'न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजी' ही स्वतंत्र उपशाखा आहे. तिचे पूर्णवेळ तज्ज्ञ प्रामुख्याने महानगरांत आढळतात. खानदेशातील रुग्णाची पहिली गाठ पडते ती गावातल्या किंवा तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञाशी, नाही तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरशी. त्यामुळे आजार वेळेत ओळखला जाणे हे पुष्कळदा महागड्या यंत्रापेक्षा रुग्ण काय सांगतो आणि डॉक्टर काय विचारतो, यावर अवलंबून राहते. या विषयावरील दोन महत्त्वाची संशोधने महाराष्ट्रातच, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयाच्या मज्जाविकार विभागाशी निगडित डॉक्टरांनी केली आहेत. दोन्हींच्या मुळाशी १९७१ हे वर्ष आहे.

मेंदूचाच एक भाग

गर्भावस्थेत डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, मेंदूच्याच फुगवट्यातून तयार होतो. दृष्टिपटलापासून निघणारी दृष्टिचेता, जिला बोलीभाषेत 'डोळ्याची नस' म्हणतात, ही सुमारे १२ लाख तंतूंची जुडी आहे, आणि रचनेने ती हातापायांच्या नसांपेक्षा मेंदूला अधिक जवळची आहे. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सहा जोड्या डोळ्यांच्या कामात गुंतलेल्या असतात. एक पाहते, तीन बुबुळे फिरवतात, एक डोळ्यांची संवेदना पोचवते आणि एक पापण्या मिटवते. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे आणले, तेव्हापासून जिवंत माणसाच्या मज्जासंस्थेचा एक तुकडा कातडी न कापता पाहता येऊ लागला. मेंदूवरचा दाब वाढला की या नसेचे टोक सुजते, आणि तालुक्याच्या दवाखान्यातील साध्या उपकरणानेही ती सूज दिसू शकते.

'डोळे आले होते का?'

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ पसरली होती. शेजारचा बुलढाणा जिल्हा रुग्णसंख्येत आघाडीवर होता. जळगाव आणि धुळे जिल्हेही तीतून सुटले नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्या वर्षी पश्चिम भारतातील नमुने तपासले, तेव्हा 'कॉक्सॅकी ए-२४' या विषाणूचा एक प्रकार आढळला. आठवडाभरात डोळे बरे झाले आणि लोक ती साथ विसरून गेले. डोळे येणे हा आजार असाच विसरण्याजोगा मानला जातो. १९७१ मध्येही तसेच वाटले होते.

त्या साथीची सुरुवात १९६९ च्या जूनमध्ये पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात झाली. नेहमीच्या डोळे येण्यापेक्षा हा प्रकार वेगळा होता. संसर्गानंतर एखाद्या दिवसातच डोळे सुजत, पांढऱ्या भागात रक्ताचे डाग पडत, पाणी वाहत राही. 'अपोलो ११' यान चंद्रावर उतरले तोच हा काळ असल्याने आफ्रिकेत लोकांनी साथीलाच 'अपोलो' म्हणण्यास सुरुवात केली. भारतात ती १९७१ मध्ये पोचली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या त्या वर्षी पश्चिम बंगालमध्ये निर्वासितांचे लोंढे येत होते, म्हणून तिकडे तिचे नाव पडले 'जय बांगला'. साथींना नावे ठेवण्यात लोक डॉक्टरांच्या नेहमीच पुढे असतात.

मुंबईतही डोळे आलेल्यांची संख्या मोठी होती. डोळे बरे झाले. पण त्यानंतर वेगळेच रुग्ण रुग्णालयात दिसू लागले. धडधाकट प्रौढ माणसाच्या कंबरेत आणि पायांत असह्य कळा येत, आणि मग पाय लुळे पडत. एक पाय जास्त, एक कमी. पावलापेक्षा मांडी अधिक दुबळी. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नसे, मात्र स्पर्श बहुधा शाबूत असे. हे चित्र थेट पोलिओचे होते. पण पोलिओ हा लहान मुलांचा आजार आणि येथे रुग्ण होते मोठी माणसे, त्यांतही पुरुष अधिक. काहींचा तर चेहराच एका बाजूने वाकडा झाला होता.

या रुग्णांना जोडणारा धागा त्यांच्या पायांत किंवा पाठीत सापडणारा नव्हता. तो दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या एका किरकोळ वाटणाऱ्या दुखण्यात होता. डोळे येऊन बरे झाले ही गोष्ट पाय लुळा पडलेला माणूस आपणहून सांगेलच असे नाही. त्या दोहोंचा काही संबंध असू शकतो, हे त्याच्या मनातही येत नाही. 'गेल्या महिन्यात डोळे आले होते का?' हे डॉक्टरलाच विचारावे लागते. डॉ. नोशिर वाडिया, डॉ. पी. एफ. इराणी आणि डॉ. सरोश कात्रक यांनी हा संबंध उलगडून 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात १९७२ आणि १९७३ मध्ये मांडला, आणि नव्या नेत्रसाथीपाठोपाठ मज्जारज्जू व त्याच्या मुळांना इजा होऊ शकते, हे जगाला कळले.

विषाणूचा पत्ता जपानी संशोधकांमुळे लागला. तेथे वेगळ्या काढलेल्या या विषाणूला पुढे 'एन्टेरोव्हायरस ७०' हे नाव मिळाले. तो पोलिओच्याच कुळातला निघाला. पोलिओचा विषाणू आतड्यात वाढून मज्जारज्जूत जातो, तर हा डोळ्यांत वाढतो आणि क्वचित तोच मार्ग धरतो. पोलिओची लस घेतलेली असली तरी याच्यापासून संरक्षण मिळत नाही. १९८१ मध्ये मुंबईत पुन्हा साथ आली, तेव्हा वाडिया यांच्या गटाने जपानमधील रेइसाकु कोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर रुग्णांच्या रक्ताची तपासणी केली आणि लकवा व हा विषाणू यांचा संबंध प्रतिद्रव्यांच्या आधारे तपासून पाहिला. ते निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

डोळे आलेल्या प्रत्येकाने धास्ती घ्यावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या विषाणूच्या साथीतही दहा ते पंधरा हजार रुग्णांमागे एखाद्याला असा लकवा होत असावा, असा अंदाज आहे. आणि २०२३ मध्ये आढळलेल्या कॉक्सॅकी विषाणूनंतर मज्जासंस्थेचे विकार त्याहूनही विरळ आढळतात. पण ज्या थोड्यांना लकवा झाला, त्यांच्यापैकी अनेकांचे स्नायू कायमचे सुकले. डोळ्यांच्या साथीनंतर महिनाभरात कोणाच्या पाठीत आणि पायांत कळा येऊन चालणे अडखळू लागले, तर डॉक्टरांपुढे त्या साथीचा उल्लेख झालाच पाहिजे.

नजर वळते, पण सावकाश

वाडिया यांचे दुसरे संशोधन याच वर्षातले, आणि त्यात कोणतीही साथ नव्हती. वाडिया यांचा जन्म १९२५ मध्ये सुरतेत झाला. शिक्षण मुंबईत आणि पुढील प्रशिक्षण लंडनमध्ये घेऊन ते १९५७ मध्ये परतले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी मज्जाविकार विभाग उभा केला. पुढे ते जसलोक रुग्णालयात गेले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१६ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले. १९७१ मध्ये त्यांनी डॉ. आर. के. स्वामी यांच्यासह 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या तोल जाण्याचा आजार होता. तरुणपणी किंवा मध्यम वयात चाल झोकांड्या खाऊ लागे, बोलणे जड होई, हात थरथरत. असा माणूस गावात 'पिऊन आला' म्हणून बदनाम होतो. दारूला कधी स्पर्शही न केलेल्या माणसाच्या नशिबी हे येते, ही या आजाराची वेगळीच क्रूरता म्हणावी लागेल.

तोल जाण्याचे आनुवंशिक आजार तोवर पाश्चात्य वैद्यकाला ठाऊक होते. या नऊ कुटुंबांतील वेगळेपण होते डोळ्यांत. या ओळी वाचताना वाचकाची नजर सरकत नाही, ती उड्या मारते. सेकंदाला तीन-चार वेळा. अशा उडीला वैद्यकात 'सॅकेड' म्हणतात. मोठ्या उडीत बुबुळाचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्या आसपास जातो, म्हणूनच समोरच्याचे डोळे डावीकडून उजवीकडे गेलेले आपल्याला कळते, जाताना फारसे दिसत नाहीत. वाडिया आणि स्वामी यांच्या रुग्णांत ते जाताना दिसत. बुबुळ तेलात बुडाल्यासारखे सावकाश सरके. काही रुग्ण नजर वळवण्याऐवजी मानच वळवत, किंवा पापणी मिटून नजरेला जणू धक्का देत. बुबुळे फिरवणारे स्नायू तसे ठीक होते. बिघडले होते ते मेंदूच्या देठातील, उडीचा हुकूम देणाऱ्या पेशींचे केंद्र.

हे निदान यंत्राविना झाले होते. बोट उजवीकडे, बोट डावीकडे, आणि 'पटकन इकडे पाहा, आता तिकडे पाहा' एवढीच ती तपासणी. ती आजही एका मिनिटात कोणत्याही दवाखान्यात करता येते.

पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तीन वेगवेगळ्या गटांनी या आजाराचे जनुक शोधले. ते बाराव्या गुणसूत्रावर आहे. त्यातील तीन अक्षरांचा एक तुकडा निरोगी माणसात बहुधा २२ वेळा लागोपाठ येतो, रुग्णात तो ३३ किंवा त्याहून अधिक वेळा येतो. आजाराचे आजचे नाव 'स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार दोन'. १९९८ मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी करून त्याच नियतकालिकात लिहिले, तेव्हा संथ नजर ही या प्रकारच्या निदानातली मोठी खूण असल्याचे पुन्हा ठळक झाले. या आजाराचे जगातील सर्वाधिक प्रमाण क्यूबातील ओल्गिन प्रांतात आहे. तेथील संशोधकांनी पुढे दाखवले, की चाल बिघडण्याच्याही आधी, जनुक असलेल्या पण वरवर निरोगी व्यक्तीत, नजरेचा वेग मंदावू लागलेला असतो.

आजार आई किंवा वडील यांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. पुढच्या पिढीत तो बहुधा अधिक लवकर सुरू होतो. तो बरा करणारे औषध अद्याप नाही. मग निदान कशासाठी करायचे, हा प्रश्न अशा कुटुंबांत हटकून निघतो आणि तो चुकीचा नाही. व्यायाम, पडण्यापासून बचाव, गिळण्याची काळजी एवढेच हाती असते. पण चुकीच्या औषधांवर आणि मंत्रतंत्रावर होणारा खर्च थांबतो, आणि घरातील तरुणांना लग्न व अपत्य यांचा विचार माहितीनिशी करता येतो. तपासणी करायची की नाही हे मात्र त्या सज्ञान व्यक्तीनेच ठरवायचे असते, सासर-माहेरच्या बैठकीने नव्हे.

'डाव्या डोळ्याने दिसत नाही'

विरळ आजार बाजूला ठेवले, तरी रोजच्या बाह्यरुग्ण विभागात मेंदूचा आजार डोळ्यांच्या तक्रारीचा वेश घेऊन येतो. सर्वांत फसवी तक्रार आहे 'डाव्या डोळ्याने दिसत नाही' ही. मेंदूच्या उजव्या बाजूच्या मागील भागाचा रक्तपुरवठा थांबला, तर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू अंधारते. रुग्णाला वाटते, डावा डोळा गेला. खात्रीचा मार्ग सोपा आहे. एकेक डोळा हाताने झाकून पाहावे. कोणताही डोळा झाकला तरी डावीकडचेच दिसत नसेल, तर दोष डोळ्यात नसून मेंदूत आहे. तो अचानक आला असेल, तर पक्षाघात समजूनच धावपळ करावी लागते, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. हे तास मुंबईच्या वाटेवर घालवण्याचे नसतात, जवळच्या सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोचण्याचे असतात.

दोन-दोन दिसण्याचेही तसेच. एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी झाली, तर दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नाही, असा त्याचा अर्थ. मधुमेहींत अशी नस दुखावणे नवे नाही, आणि बहुतेकांत ती तीनेक महिन्यांत सावरते. पण पापणी पडली, बाहुली मोठी झाली आणि जोडीला डोके जोरात दुखत असेल, तर मेंदूतील धमनीला आलेला फुगा नसेवर दाबत असण्याची शंका घेतली जाते. तेव्हा 'साखर वाढली असेल' म्हणून थांबणे जिवावर बेतू शकते. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापण्या जड, दिवे लागणीला दोन-दोन, असे रोज होत असेल तर तो नस आणि स्नायू यांच्या सांध्याचा 'मायस्थेनिया' असू शकतो. रुग्ण दवाखान्यात सकाळी जातो, तेव्हा तक्रार गायब असते आणि त्याचे बोलणे खरे वाटत नाही.

एका डोळ्याची दृष्टी काही दिवसांत उतरणे आणि बुबुळ हलवताना दुखणे, ही नसेच्या सुजेची लक्षणे आहेत. येथे एका जुन्या चाचणीचा धडा अजूनही पुरेसा पोचलेला नाही. अमेरिकेत ४५७ रुग्णांवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले, की शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेल्या स्टेरॉइडने दृष्टी लवकर परतते. पण नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांना सूज पुन्हा येण्याचे प्रमाण उलट वाढले. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या म्हणूनच निरुपद्रवी नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 'न्यूरोमायलायटिस ऑप्टिका' या आजाराची खूण ठरणारे प्रतिद्रव्य शोधले आणि नसेच्या सर्व सुजा एकसारख्या नसतात हे रक्ताच्या तपासणीतून दाखवता येऊ लागले. या आजारात डोळ्याबरोबर मज्जारज्जूही सुजू शकतो. उशीर झाल्यास अंधत्व आणि लुळेपणा दोन्ही राहू शकतात.

फवारणीनंतरची टाचणीएवढी बाहुली

खानदेशात कापूस आणि भाजीपाल्यावरील फवारणीच्या दिवसांत आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नसांचा निरोप संपवणारे विकर रोखतात. निरोप संपतच नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दिसायला धूसर येते, लाळ आणि घाम सुटतो, छाती भरते. डोळ्यांत औषध उडाले म्हणून ते धुऊन शेतकरी पुन्हा पंप पाठीवर घेतो. वस्तुतः विष कातडीतून आणि श्वासातून सर्व शरीरात गेलेले असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक बळी गेले. वाचलेल्यांपैकीही काहींचे हातपाय दोन-तीन आठवड्यांनी दुबळे पडू शकतात. कंबरेच्या कळांनी येणाऱ्या रुग्णाप्रमाणेच येथेही डॉक्टरला मागच्या महिन्यात काय घडले ते कळावे लागते.

केसपेपर दोन, रुग्ण एक

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. औषधवैद्यक आणि नेत्रविभाग दोन्ही ठिकाणी आहेत, तरी रुग्णाच्या हाती विभागागणिक वेगळा कागद येतो. डोळ्यांचा कागद घरी ठेवून लकव्यासाठी येणारे, किंवा टीबीची औषधे सुरू असल्याचे नेत्रतज्ज्ञाला न सांगणारे रुग्ण कमी नसतात. टीबीवरील इथॅम्ब्युटॉल हे औषध क्वचित दृष्टिचेतेला इजा करते. लाल-हिरवा रंग फिका वाटू लागणे ही त्याची सुरुवात असू शकते, आणि औषध वेळेत थांबवले तर नजर परतण्याची शक्यता अधिक असते. ते आपल्या मनाने बंद करायचे नाही, त्याच दिवशी टीबीच्या डॉक्टरांना दाखवायचे.

नाशिक किंवा मुंबईला तज्ज्ञाकडे जाताना जुने चष्मे, नंबरांच्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटे आणि स्कॅनच्या मूळ फिल्म सोबत असाव्यात. आणखी एक वस्तू बहुतेकांना सुचत नाही, ती म्हणजे जुनी छायाचित्रे. पडलेली पापणी, लहान-मोठी बाहुली किंवा मानेचा तिरकेपणा गेल्या आठवड्यातला आहे की वीस वर्षांपूर्वीचा, हे रुग्णाला स्वतःला सांगता येत नाही. आणि तातडीच्या तपासण्या करायच्या की निर्धास्त राहायचे, हे पुष्कळदा त्यावरच ठरते. अशा वेळी डॉक्टर आधार कार्डावरचा फोटो भिंगाखाली धरतात, किंवा घरून लग्नाचा अल्बम मागवतात.